गहाणखतामागचा माणूस पाहणारा न्यायाधीश

पुणे जिल्ह्यातील सुपे हे पूर्वीच्या भीमथडी तालुक्यातले बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतकरी तेथील सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर, गहाणखतांवर आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यांवर. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद स्वाधीन केले की त्यांची होळी होई आणि जमाव पांगे. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार तुलनेने थोडे घडले. सरकारने नऊशेहून अधिक लोकांना अटक केली. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ही घटना इतिहासात नोंदली गेली.

त्या वेळी पुण्याच्या न्यायालयात प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून तेहतीस वर्षांचे महादेव गोविंद रानडे काम पाहत होते. न्यायमूर्ती रानडे महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते प्रार्थना समाजाचे आणि सामाजिक परिषदेचे नेते, सार्वजनिक सभेचे सूत्रधार, अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि मराठी सत्तेच्या उदयाचे इतिहासकार म्हणून. मात्र त्यांच्या सरकारी सेवेतील उमेदीची अनेक वर्षे एका वेगळ्याच कामात गेली. जमीन आणि घर गहाण पडलेल्या माणसाला कायदा काय देऊ शकतो, हा त्या कामाचा विषय होता.

निफाडचा मुलगा, विद्यापीठाचा पहिला तुकडा

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली; ती उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत रानडे होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६२ मध्ये बी.ए. झाले, १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल.बी. झाले. अतिवाचनाने डोळे कायमचे अधू झाले ते याच काळात.

ते कायद्याकडे वळत होते त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने गहाणाविषयी एक महत्त्वाचा निर्णय दिला. ठरलेल्या मुदतीत रक्कम न फेडल्यास गहाण पडलेली मालमत्ता कायमची सावकाराची होईल, अशी अट त्या काळच्या अनेक दस्तऐवजांत असे. १८६४ मधील ‘रामजी विरुद्ध चिंतो’ या खटल्यात न्यायालयाने अशी अट निर्णायक मानली नाही. व्यवहार मुळात गहाणाचा असेल तर मुदत टळल्यानंतरही पैसे भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क शिल्लक राहतो, असे तत्त्व त्यातून पश्चिम भारतात रूढ झाले. रानडे यांच्या पुढील कामाला हा पाया उपयोगी पडला.

शिक्षणानंतर त्यांनी सरकारच्या भाषांतर खात्यात, अक्कलकोट आणि कोल्हापूर या संस्थानांत आणि एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक म्हणून काम केले. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. १८७३ मध्ये प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाने त्यांचा विवाह अकरा वर्षांच्या मुलीशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकावर त्यासाठी कठोर टीका झाली. ही मुलगी म्हणजेच पुढे सेवासदनामुळे नावारूपाला आलेल्या रमाबाई रानडे.

कागद खरा, व्यवहार खोटा

पुण्याच्या न्यायालयात रोज जे दावे येत, त्यांत शेतकरी आणि सावकार यांच्यातील दाव्यांचा भरणा मोठा होता. त्यांचा साचा ठरलेला असे. सावकार रोखा हजर करी. प्रतिवादी समन्स न मिळाल्याने, खर्चाच्या धास्तीने किंवा अज्ञानाने हजरच राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई आणि त्यामागोमाग जप्ती, लिलाव किंवा कर्जदाराची तुरुंगात रवानगी होई.

या अवस्थेला कायद्यातील बदलही कारणीभूत होते. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राला ठाऊक होता. परंतु १८५५ मध्ये इंग्रज सरकारने व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा काढून टाकल्या. १८५९ च्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्यांना थोड्या वर्षांची मुदत घातली. कर्जदाराच्या सोयीसाठी आणलेली ही तरतूद त्याच्यावरच उलटली. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. दोन-तीन वेळा रोखा बदलला की मूळ किती रुपये हातात पडले होते, हे कर्जदारालाही सांगता येत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला. त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढीव दराने झाली. सारा भरण्यासाठी कर्ज आणि कर्जासाठी गहाण, हे चक्र पुरे झाले.

सार्वजनिक सभेने सत्तरच्या दशकाच्या आरंभापासूनच शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा करण्यास सुरुवात केली होती. गणेश वासुदेव जोशी हे सभेचे प्रमुख कार्यकर्ते होते आणि रानडे पडद्यामागून सभेला विचारांची दिशा देत होते. सरकारी नोकरीत राहून असे करणे धोक्याचे होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे पुण्यातील सुशिक्षितांकडे सरकार संशयाने पाहत होते. धुळ्यात रानडे यांचे टपालही काही काळ फोडून पाहिले जात असे.

१८७९ चा कायदा

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ संमत झाला. १८७९ चा हा सतरावा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. करार हा दोन समान पक्षांतील व्यवहार असतो आणि न्यायालयाने तो जसाच्या तसा अमलात आणावा, या तत्कालीन धारणेला या कायद्याने मोठा अपवाद केला.

न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असे बंधन कायद्याने घातले. कर्जदाराने दावा कबूल केला तरी ती कबुली आपले हक्क समजून दिली आहे काय, हे न्यायाधीशाने पाहायचे होते. शक्यतो प्रतिवादीला समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यायची होती. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायचे होते आणि साचलेले व्याज मुद्दलात मिसळणे ग्राह्य धरायचे नव्हते. हिशेबाअंती व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली, तर मुद्दलाच्या दुपटीवर देणे थांबत असे. जुनी दामदुपट अशा रीतीने कायद्यात परतली.

शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकण्याची प्रथा या कायद्याने बंद केली. जी स्थावर मालमत्ता त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती जप्त करण्यास किंवा विकण्यास मनाई झाली. रक्कम हप्त्याने फेडण्याची सवलत न्यायालय देऊ शकत होते. गहाण सोडवण्यासाठी शेतकऱ्याने स्वतः केलेले दावेही या कायद्याच्या कक्षेत आले. कर्जाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, भरलेल्या रकमेची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मागता यावा आणि पासबुक ठेवता यावे, अशा साध्या वाटणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. दावा लावण्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न करण्यासाठी सलोखाधिकारी नेमण्यात आले.

या योजनेत एक कच्चा दुवा होता. खर्च आणि विलंब टाळण्यासाठी अनेक दाव्यांत अपिलाचा मार्ग बंद ठेवला होता. खालच्या न्यायाधीशाची चूक झाली तर ती सुधारायची कोणी? त्यासाठी तपासणीचे आणि फेरविचाराचे अधिकार असलेले विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण करण्यात आले. त्याचे साहाय्यक म्हणून १८८१ मध्ये रानडे यांची नेमणूक झाली. दोनच वर्षांपूर्वी ज्याची पत्रे सरकार फोडत होते, त्याच्यावर सरकारने आपल्या सर्वांत नाजूक कायद्याची जबाबदारी सोपवली.

खेड्यापाड्यांतले न्यायदान

हे काम बैठे नव्हते. जिल्ह्यांतील दुय्यम न्यायालये, ग्रामनिबंधक आणि सलोखाधिकारी यांची दफ्तरे तपासत रानडे वर्षातील कित्येक महिने फिरतीवर असत. रमाबाई त्यांच्यासोबत असत. या दौऱ्यांतील दिनक्रमाचे चित्र त्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत सापडते. दिवसभर दफ्तर, संध्याकाळी गावकऱ्यांशी बोलणे आणि रात्री वाचन, असा तो क्रम होता.

या फिरतीत रानडे यांना कायद्याचे यश दिसले, तशा त्याच्या पळवाटाही दिसल्या. रोख्यांची छाननी होऊ लागल्यावर काही सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा करार फक्त तोंडी असे. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यानुसार लेखी दस्तऐवजाविरुद्ध तोंडी पुरावा देणे कठीण होते. त्यामुळे गहाण सोडवण्याचा हक्क कागदावर शाबूत राही आणि प्रत्यक्षात जमीन जाई. ही फट बुजवणारी दुरुस्ती रानडे यांच्या हयातीनंतर झाली. दुसरीकडे, वसुलीची खात्री कमी झाल्याने सावकारांनी उसनवारीत हात आखडता घेतला आणि गरजू शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी कर्ज मिळेनासे झाले.

याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. सावकार, वकील आणि कचेरीतील कारकून यांच्या साखळीत शेतकरी कसा नागवला जातो, याचे जळजळीत दर्शन त्यात होते. सार्वजनिक सभेच्या उच्चवर्णीय नेतृत्वावर फुले यांनी सातत्याने टीका केली. रानडे न्यायालयाच्या आतून आणि सनदशीर मार्गाने चालत होते. दोघांचे मार्ग आणि स्वभाव भिन्न असले तरी खेड्यातील कर्जदाराचे दुखणे दोघांनाही दिसत होते.

१८८४ मध्ये रानडे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी मुंबई कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीशाच्या पदावर आले आणि १८९३ पर्यंत त्या पदावर राहिले.

कायद्याने कर्ज फिटत नाही

रानडे यांचे वेगळेपण असे, की ज्या कायद्याची अंमलबजावणी त्यांनी मनापासून केली, त्याच्या मर्यादाही त्यांनीच स्पष्टपणे मांडल्या. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील लेखांतून आणि पुढे १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांतून त्यांची भूमिका दिसते. सावकार हा दुष्ट म्हणून शेतकरी कर्जात, हे सोपे उत्तर त्यांना मान्य नव्हते. ताठर सारापद्धती, उद्योगधंद्यांचा ऱ्हास, वाढत्या लोकसंख्येचा शेतीवरील भार आणि स्वस्त पतपुरवठ्याचा अभाव ही कारणे त्यांना अधिक मूलगामी वाटत. जमिनीच्या हस्तांतरणावर सरसकट बंदी घालावी, असेही त्यांचे मत नव्हते. भांडवल आणि कष्ट यांची सांगड घालणारा जमीनधारक वर्ग तयार व्हावा, असे त्यांना वाटे. त्यांच्या या मतावर नंतरच्या अभ्यासकांनी टीकाही केली आहे.

मग गहाणात सापडलेल्याला मार्ग कोणता? न्यायालयाने हिशेब तपासावा आणि त्याच वेळी जुने कर्ज फेडून कमी व्याजाचे नवे, दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था उभी राहावी, असे रानडे यांचे उत्तर होते. सर विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची योजना मांडली, तेव्हा पुण्यातून तिला पाठिंबा मिळवून देण्यात रानडे अग्रभागी होते. पुरंदर तालुक्यात प्रयोग करण्याचे ठरले. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते. परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांनी मंजुरी नाकारली आणि योजना बारगळली. १८९१ मध्ये पुण्यातील औद्योगिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात रानडे यांनी स्थावर तारणावरील पतपुरवठ्याची पुनर्रचना हाच विषय घेतला आणि युरोपातील भू-तारण संस्थांचे दाखले दिले.

तेलंगांच्या निधनानंतर नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या पदावर असतानाच १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, त्यांचे मुंबईत निधन झाले. तीन वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने शेतकरी कर्जदारांसाठी नवा कायदा केला. स्वस्त पतपुरवठ्याची त्यांची मागणी अशी तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकत राहिली.

आजच्या नोटिशीपुढे

आज गहाणखत शेताचे असते, त्याहून अधिक वेळा शहरातल्या सदनिकेचे असते आणि समोर सावकाराऐवजी बँक किंवा गृहवित्त कंपनी असते. मराठी वृत्तपत्रांच्या आतील पानांवर ताबा नोटिसा आणि लिलावाच्या जाहिराती नित्य छापून येतात. २००२ च्या सरफेसी कायद्याने कर्ज देणाऱ्या संस्थेला न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेवर टाच आणण्याचा अधिकार दिला. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

कर्जदाराचे हक्क या कायद्यातही आहेत. कर्ज थकीत ठरल्यानंतर बँकेला साठ दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. त्या काळात कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो आणि ती अमान्य असल्यास बँकेने पंधरा दिवसांत कारणे कळवणे बंधनकारक आहे. बँकेने ताब्याची कारवाई केल्यास पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर येथे अशी न्यायाधिकरणे आहेत. मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असल्यास या कायद्याखालील कारवाई करता येत नाही. लिलावातून देण्यापेक्षा अधिक रक्कम आली तर उरलेली रक्कम हक्कदाराला परत मिळते.

मात्र सर्वांत जुना हक्क, म्हणजे पैसे भरून गहाण सोडवण्याचा हक्क, आता आखूड झाला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण देणे भरले तर मालमत्ता वाचते; त्यानंतर उशीर झालेला असतो.

रानडे यांच्या काळातील कायद्यात न्यायाधीश स्वतःहून विचारी, की हा हिशेब कुठून आला. कर्जदार गप्प राहिला तरी प्रश्न विचारला जाई. आज तो प्रश्न कर्जदारालाच विचारावा लागतो, आणि तोही साठ किंवा पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत. नोटीस न उघडता कपाटात ठेवून देणारा सदनिकाधारक आणि समन्स येऊनही सुप्याहून पुण्याच्या न्यायालयात न गेलेला शेतकरी यांची चूक एकच आहे. रोखे जाळल्याने कर्ज मिटले नाही. जे काही सुटले ते हिशेब मागितल्यावर सुटले. कर्जखात्याचा उतारा मागणे, व्याजाची आकारणी तपासणे, हरकत लेखी देणे आणि हप्त्यांच्या फेररचनेसाठी वेळेत बोलणी करणे, हे आजच्या कर्जदाराच्या हातातले मार्ग आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या खेड्यांत दफ्तरे उघडून बसलेला एक अधू दृष्टीचा न्यायाधीश प्रत्येक कर्जदारासाठी हीच पहिली पायरी चढत होता.